निळ्या कपातला चहा

फातुमोआ बेट, हाआपाय
१४ मे १९९४

वन्संना अकानेसीचा नमस्कार.

तुम्ही पाठवलेलं काळं कापड आणि साखरेचं पोतं बोटीवरून नीट पोचलं. माझ्या आईची माती झाली. समुद्र खवळलेला होता, बोट निघालीच नाही, त्याला तुम्ही काय करणार? तुम्ही आला नाहीत म्हणून गावात कुणी काही बोललं नाही. बोलायला त्यांना दुसरं मिळालं. तेच लिहायला बसले आहे.

आईला चटईवर निजवलं होतं. पोरांना एकेक करून कपाळाचा मुका घ्यायला पुढे केलं. आमचा सेमिसी कसा आहे ते तुम्हाला ठाऊकच आहे. सहा वर्षांचं पोर, पण असा टाहो फोडला की धक्क्यावरची माणसं पळत आली. "आजी ऊठ, आता माझा कसावा कोण सोलणार!" रडणाऱ्या बायका मध्येच हसल्या आणि मग दुप्पट रडल्या. त्याच्यामागून त्याची ताई, लाविनिया, गेली. वाकली, मुका घेतला, मागे फिरली. डोळ्यांत टिपूस नाही. कोपऱ्यात जाऊन बसली आणि आजीने अर्धवट ठेवलेल्या चटईच्या केवड्याच्या पात्या बोटांनी सरळ करत राहिली. जन्मल्यापासून आजीच्या कुशीत झोपलेली पोर!

पाद्रीबाईंची बहीण तोआकासे सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "अकानेसी, ही पोटातून काढलीस की दगडातून फोडून?" मी हसण्यावारी नेलं. पण दुसरी कुणी म्हणाली, "रडून वाट करून दिली नाही तर मेलेलं माणूस जाईल कसं? जिने रडायचं तिच्याचजवळ राहील." ते मात्र मला हसण्यावारी नेता आलं नाही.

ती पहिल्यापासून अशीच. फेब्रुवारीत तुमचे भाऊ न्यूझीलंडला कामाला निघाले तेव्हा सेमिसी त्यांच्या पायाला असा चिकटला की दोघांनी ओढून काढला. ही धक्क्यावर हात बांधून उभी. बोट दिसेनाशी झाली तशी मुकाट घरी गेली. मी पोचले तोवर न्याहारीची भांडी घासून ठेवलेली. बाबांचा निळा कपसुद्धा घासून खिळ्याला टांगलेला. पुढच्या आठवड्यात सेमिसीचा घसा धरला, तर त्याने सगळं बेट डोक्यावर घेतलं. शेवटी होडी करून पलीकडच्या बेटावर नर्सकडे नेलं, सुई टोचली, तेव्हा गप्प झाला. हिचं मात्र कधी काही नसतं. मध्यंतरी चालताना लंगडत होती. "काही नाही ना गं?" विचारलं, तर भुवया वर. म्हणजे हो, काही नाही.

मला सहावा महिना सरत आलाय. घरात मोठं माणूस उरलं नाही. वन्सं, तुम्ही शिकलेल्या आहात. पोर न रडण्याचा काही आजार असतो का?

तुमची,
अकानेसी

०

नुकुआलोफा
२३ मे १९९४

वहिनी,

तुझं पत्र मिळालं. न रडण्याचा आजार असा काही माझ्या माहितीत नाही.

आमच्या कचेरीत भूकंप नोंदवणारी दोन यंत्रं आहेत. एक तळघरात, रस्त्याला लागून. नारळाचा ट्रक गेला तरी त्याची सुई कागदभर नाचते. दुसरं प्रवाळाच्या खडकात खोल बसवलेलं आहे, त्याची सुई केसभर हलते. धक्का दोघांना एकच बसलेला असतो. नवीन आलेली पोरं दुसऱ्या कागदाकडे बघून "काही झालं नाही" असं लिहितात आणि साहेबाच्या शिव्या खातात. सुईची सवय कळल्याशिवाय कागद वाचता येत नाही, एवढंच.

सेमिसीची सुई मोठी आहे. लाविनियाची लहान. आजी गेल्याचं तिला दोघांत कमी वाटलं असं मला वाटत नाही. पात्या सरळ करत बसली, ते तिचं रडणंच असणार.

एक गोष्ट सुधारण्यासारखी आहे. तू तिला "काही नाही ना?" असं विचारतेस. आपल्याकडे मोठ्या माणसाला नाही म्हणणारं पोर कुठे आहे? भुवया वरच जाणार. तिला हो-नाहीत उत्तर देता येणार नाही असं विचार. विचारून झालं की थांब. तुम्ही सगळे थांबत नाही, सेमिसी तर नाहीच.

नाताळात आले होते तेव्हा मी आणि ती एक दुपार ओट्यावर बसून होतो. ती एक शब्द बोलली नाही, मीही नाही. मला ती दुपार आवडली होती. ती माझ्यासारखी आहे. तिला काही झालेलं नाही. गावातल्या बायकांना फार त्रास होत असेल तर नव्या वर्षी तिला माझ्याकडे पाठव. इथे राजधानीतल्या शाळेत घालीन.

जड उचलू नकोस.

लेसिएली

०

फातुमोआ
२० जून १९९४

वन्संना नमस्कार.

तुमचं पत्र मी उशीखाली ठेवलं आहे. तुम्ही सांगितलंत तसं विचारायला लागले आणि थांबायला लागले. सेमिसी मध्ये बोलला की त्याच्या तोंडावर हात ठेवते, तो हाताला चावतो. पहिले काही दिवस काहीच नाही. मग वन्सं, पोर उघडली!

आधी चर्चमध्ये खुदकन हसली, प्रार्थना चालू असताना. मला इतका आनंद झाला की रागवायचंच विसरले. दुसऱ्या दिवशी मीठ आणायला सांगितलं तर हमसाहमशी रडली. तोंड वेंगाडते, भुवया नाचवते. आमची लाविनिया! मी मनात म्हटलं, आत्याने कुलूप काढलं.

पण आता मला कळत नाहीये. परवा पाद्रीबाबा जेवायला आले होते. ती नीरफणसाचं ताट घेऊन येत होती. हात असा उडाला जसा कुणी खालून मारला, आणि ताट त्यांच्या मांडीवर. मी ओरडले. ती बघत राहिली आणि तिचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं, जीभ बाहेर आली, आत गेली. पाद्रीबाबा हसून म्हणाले, "असू दे, मला भूक होतीच, पोरीने थेट पोटावर वाढलं." पण तोआकासे नाही हसली.

केवड्याच्या पात्या आता तिला धरवत नाहीत. हात आपोआप सुटतो. ती त्याच्यावर बसते. हो, आपल्याच हातावर बसते, आम्हाला दिसू नये म्हणून.

सगळ्या म्हणतात, आजीने धरलंय. रडली नाही ना, म्हणून. तोआकासेने एका म्हाताऱ्याला आणलं. त्याने पानं चुरून रस तिच्या डोळ्यांत आणि नाकात पिळला. पोरगी तेव्हाही ओरडली नाही. सेमिसी ओरडला, म्हाताऱ्याच्या पोटात डोकं घातलं त्याने. "तिला झोंबतंय, तुला दिसत नाही का!" सगळ्यांनी त्याला बाहेर काढलं.

माझी आई चांगली बाई होती. ती नातीला धरेल का? रात्री पोर झोपली की हात शांत असतो. मी बघत बसते. मग मला वाटतं, ती झोपते तेव्हा आईही झोपते.

तुम्ही म्हणाला होतात, तिला काही झालेलं नाही. अजून तसंच म्हणता का?

अकानेसी

०

नुकुआलोफा
२७ जून १९९४

वहिनी,

नाही. आता तसं म्हणत नाही.

तुझं पत्र वाचून प्रथम मीही खूश झाले. मग जीभ आणि हात यांच्याविषयीचा भाग पुन्हा वाचला. मन मोकळं झालेल्या मुलीला चटईची पाती धरता यायला हवी. सुई जमिनीमुळे हलते, तशी यंत्र बिघडल्यानेही हलते. दोन्हींतला फरक न तपासता पुढे जायचं नाही, हे मला शिकवलंय.

उजवा हात उडतो की डावा, की दोन्ही? ठरवून काही धरायला गेली की वाढतं का? चालताना पाय वेडावाकडा पडतो का? झोपेत थांबतं हे तू लिहिलंस, ते फार महत्त्वाचं आहे. आजी झोपते म्हणून नव्हे.

मी पत्र घेऊन आमच्या इथल्या मोठ्या रुग्णालयात गेले. डॉक्टर कामात होते, तरी त्यांनी ते उभ्या उभ्या वाचलं. मग खुर्ची ओढून पुन्हा वाचलं. तिला बघितल्याशिवाय काही सांगणार नाहीत. पण लवकर आणा म्हणाले आणि हा शब्द त्यांनी दोनदा वापरला.

पत्र बोटीबरोबर येईल आणि बोट लगेच परतेल. तेवढ्यात तू वाचशील का, याची खात्री नाही. म्हणून तुमच्या गावच्या अधिकाऱ्याकडे वायरलेसवरही निरोप ठेवते आहे: पोरीला याच बोटीने माझ्याकडे पाठव.

डोळ्यांत काही पिळू देऊ नकोस.

लेसिएली

०

फातुमोआ
४ जुलै १९९४

आदरणीय वन्संना,

आपला वायरलेसवरचा निरोप मिळाला. अधिकाऱ्याच्या ओट्यावर तेव्हा अर्धा गाव बसला होता, म्हणजे सगळ्यांनाच मिळाला.

लाविनिया बरी आहे. तिचा हात बरा आहे. खाते, पिते, शाळेत जाते. आपण काळजी करू नये. गेल्या खेपेला बोट गेली तेव्हा ती शाळेतच होती, त्यामुळे पाठवता आलं नाही.

आपण माझ्या नवऱ्याच्या बहीण. मुलांची नावं आपण ठेवलीत. आपण मागाल ते या घरातून नाही म्हटलं जाणार नाही, हे मला कुणी शिकवायला नको. माझ्या नणंदा-जावांची पोरं अशीच आत्यांकडे गेली आणि तिकडचीच झाली. त्यांच्या आया सणाला भेटायला जातात. त्या हसून सांगतात, पण मी त्यांच्या शेजारी बसते, मला त्यांचे हात दिसतात.

आपल्याला ती आपल्यासारखी वाटते. असेल. पण आई गेली, हे परदेशी आहेत, आणि ती मुलगी एक शब्द न बोलता माझं अर्धं घर चालवते. वन्सं, दुसरं काही मागा. आईच्या हातची मोठी चटई या बोटीने पाठवते आहे, ती ठेवून घ्या.

आपली,
अकानेसी

०

नुकुआलोफा
६ जुलै १९९४

वहिनी,

चटई मिळाली. ती तुला परत मिळेल, ती तुझ्या आईची आहे.

तुझ्या पत्रात हात बरा आहे असं एक वाक्य आहे. डावा की उजवा, ते नाही. झोपेचं नाही, पात्यांचं नाही. तू जे बघतेस ते नेहमी सगळं लिहितेस. यावेळी लिहिलं नाहीस, म्हणून मला कळलं की ते वाढलं आहे.

आता नीट वाच आणि हवं तर गावासमोर वाचून दाखव. मी लेसिएली, फेलेतीची बहीण, लाविनियावर आत्या म्हणून माझा जो काही हक्क आहे तो सोडते आहे. मला ती नको. नव्या वर्षीही नको, शाळेसाठीही नको. ती बरी होऊन तुझ्या घरी जाईल. हे मी सही करून लिहिते आहे. पाद्रीबाबांनी साक्ष म्हणून खाली सही केली तर मला चालेल.

मी पाठ सोडली नाही, तेव्हा डॉक्टरांनी आपली शंका स्पष्ट सांगितली. आपल्या बेटांवर हा आजार पुष्कळ आहे. आधी घसा येतो, साधा. औषध मिळालं तर तिथेच संपतो. नाही मिळालं तर काही पोरांचे सांधे धरतात, गुडघा, घोटा. मग महिने काही नाही. मग हात असे नाचायला लागतात, पोर उगाच हसते, उगाच रडते. ते पुढे थांबतं. पण तेवढ्यात तो आजार हृदयाला लागलेला असू शकतो आणि तो तिथे काही आवाज करत नाही. तो ऐकायला नळी लावावी लागते.

फेब्रुवारीत सेमिसीचा घसा धरला होता असं तू लिहिलं होतंस. तो ओरडला, त्याला सुई मिळाली. दोघं एका चटईवर झोपतात. लाविनियाचा घसा तेव्हा कुणी बघितला का?

तिला विचारू नकोस, ती भुवया उचलेल. सेमिसीला विचार.

मी स्वतः येणार होते, पण परतीच्या फेरीत बोटीचं इंजिन बंद पडलं. दुरुस्त झाली की सुटेल, पण कधी ते नक्की नाही, आणि कचेरी तशी रजा देत नाही. सुटेल तेव्हा तिच्यावर हे पत्र असेल. कप्तानाला सांगितलं आहे की धक्क्यावर लाविनिया आल्याशिवाय दोर सोडायचा नाही. तो म्हणाला, "बाई, भरती तुझ्या कचेरीच्या हुकमाने येते का?" मी म्हटलं, भरतीची वेळ मीच छापते, मला ठाऊक आहे तुझ्याकडे किती वेळ असतो.

वहिनी, पाठव.

लेसिएली

०

फातुमोआ, धक्क्यावरून
१२ जुलै १९९४

वन्सं,

कप्तान हाका मारतोय, घाईत लिहिते आहे.

तुमचं पत्र मी पाद्रीबाबांकडूनच वाचून घेतलं. वाचता वाचता ते थांबले आणि चष्मा पुसायला लागले. तोआकासे पण होती. उठून बाहेर गेली.

घरी येऊन सेमिसीला मांडीवर घेतलं. म्हटलं, तुझा घसा दुखत होता तेव्हा ताईचा दुखत होता का रे? तो पहिल्यांदाच गप्प बसला. सेमिसी! मग फुटलाच. "मी सांगणार नव्हतो! तिने शपथ घातली! तिला थुंकीपण गिळता येत नव्हती, ती जेवण कुत्र्याला द्यायची! मी सांगितलं तर बाबा मरतील म्हणाली!"

बाबा का मरतील, विचारलं तर त्याला माहीत नाही. तिला विचारलं. तिने माझ्याकडे बघितलं आणि हातावर बसली.

तो मार्चमधला लंगडा पाय, वन्सं. तिचा गुडघा एवढा झाला होता म्हणे. सेमिसीने बघितलेला. ती लांब झगा घालायची. मी म्हटलं होतं, पोरगी मोठी व्हायला लागली, अंग झाकायला लागली.

दोघं एका वेळी आजारी होती. एकाला मी होडीतून नेलं आणि दुसरीला किनाऱ्यावर उभं करून सांगितलं, घर सांभाळ.

डावा हात. डावा पायही आता. जीभ अडखळते. धरायला गेलं की वाढतं.

मला आठवा सरत आलाय, नर्स बोटीत पाऊल ठेवू देत नाही. पाद्रीबाई लाविनियासोबत येताहेत. ती आत्ता पेटीवर बसली आहे. सेमिसी तिचा डावा हात दोन्ही हातांनी दाबून धरून बसलाय आणि तिच्या वाटचं तोच रडतोय. ती त्याला म्हणते आहे, "गप, लोक बघतात."

काही दुखलं की ती केसांची एकच बट बोटाला गुंडाळते. मला वाटायचं सवय आहे. आता बसल्या बसल्या सगळं आठवतंय, कधी कधी गुंडाळायची ते. तुम्ही बघत राहा.

तुम्ही शब्द दिला आहे.

अकानेसी

०

नुकुआलोफा
२४ जुलै १९९४

वहिनी,

आधी तुला हवं ते. ती जिवंत आहे, शुद्धीत आहे, काल तिने अर्धी वाटी भात खाल्ला.

डॉक्टरांनी आपली दोन बोटं तिच्या डाव्या मुठीत दिली आणि घट्ट धर म्हणाले. मूठ आवळली, सुटली, आवळली, सुटली, गाईची धार काढताना होते तशी. त्यांनी मान हलवली, त्यांना तेच बघायचं होतं. मग नळी लावून फार वेळ ऐकलं. हृदयातली एक झडप नीट मिटत नाही. थोडं रक्त मागे गळतं. किती, ते आत्ता नक्की सांगत नाहीत. हात एक-दोन महिन्यांत शांत होईल. झडपेचं कळायला वर्षं जातील. दर चार आठवड्यांनी सुई, ती मोठी होईपर्यंत, एकही न चुकवता. पलीकडच्या बेटावरची नर्स ती देऊ शकते. मी विचारून घेतलं आहे. म्हणजे ती घरी येऊ शकते. शब्द दिला आहे.

आता दुसरं.

आल्यापासून ती काही बोलत नव्हती. डॉक्टरांनी विचारलं की माझ्याकडे बघायची आणि भुवया उचलायची. मला वाटायचं, मला ती कळते. आम्ही दोघी एकसारख्या. मी एक गोष्ट विसरले होते, की मी तिची आत्या आहे. आत्यासमोर आपलं पोर जांभईसुद्धा दाबतं. साऱ्या बेटांवर तिने जिच्यापुढे कधीच गाऱ्हाणं सांगू नये असं एकच माणूस असेल, आणि आपण तिला नेमकं त्याच्याच हवाली केलं होतं.

बाजारातून केवड्याच्या पात्या आणल्या आणि खाटेवर ठेवल्या. विचारलं काही नाही. मी एका टोकाने सरळ करायला लागले, वाईट जमतं मला. तिने थोडा वेळ सहन केलं, मग उजव्या हाताने माझ्याकडून ओढून घेतल्या. डावा उडाला, अर्ध्या जमिनीवर गेल्या. मी उचलल्या. पुन्हा उडाल्या. पुन्हा उचलल्या. मग तिने केसाची बट बोटाला गुंडाळली. मी थांबले.

"आत्या, सेमिसीचा घसा पुन्हा नाही ना धरणार?"

"का धरेल?"

तिने बट सोडली, पुन्हा गुंडाळली.

"मी बाबांचं उष्टं प्यायले."

मी विचारलं, "किती?"

"थोडंच. तळाशी होता. गार झालेला."

"का प्यायलीस?"

"बोट दिसेनाशी झाली होती."

वहिनी, तुला समजावून सांगायला नको. बापाच्या डोक्याला हात लावायचा नाही, बापाचं उष्टं तोंडात घालायचं नाही, घसा सुजतो, हे आपण चालायच्या आधी शिकतो. ती धक्क्यावरून घरी आली, त्याच्या निळ्या कपात उरलेला चहा प्यायली आणि कप घासून टांगला. सेमिसी पायाला लटकला, तेच तिने असं केलं. आणि पुढच्या आठवड्यात घसा सुजला. तिचाही आणि सेमिसीचाही. तिला वाटलं आपलं पाप त्यालाही लागलं. तो ओरडून सुटला. तिने सांगितलं असतं तर उष्ट्याचं सांगावं लागलं असतं. मग गुडघा. मग आजी गेली. आजीपाशी ती रडली नाही कारण तिला वाटत होतं, आजीला तिनेच मारलं. मग हात. आता बाबा उरले होते. हा सगळा हिशेब ती एकटीच सांभाळत होती.

मी तिला जंतूंचं सांगितलं. चित्र काढून सांगितलं. तिने नम्रपणे ऐकलं आणि भुवया उचलल्या. एक अक्षर पटलं नव्हतं.

मग मी माझा कोकोचा पेला घेतला, अर्धा प्यायले आणि तिच्यापुढे धरला. ती भिंतीपर्यंत मागे सरकली.

"तुमचं उष्टं?"

"माझं. तुझ्या बापाहून मी मोठी की लहान?"

"मोठ्या."

"मग पी. मी सांगते आहे."

तिचे दात पेल्यावर वाजत होते, हातामुळे की भीतीमुळे ते मला वेगळं करता आलं नाही. थोडा कोको माझ्या झग्यावर सांडला. प्यायली. मग तोंड उघडून माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "बघा." मी घसा बघितला. काही नव्हतं. दर थोड्या वेळाने ती तोंड उघडायची आणि मी बघायची. सकाळी उठल्यावर पहिलं तेच. तेव्हा मात्र ती रडली. आवाज नाही, नुसतं पाणी. मी पुसलं नाही, येऊ दिलं.

फेलेतीला फोन केला. आम्ही भाऊबहीण एकमेकांशी असलं काही बोलत नाही, तुला माहीत आहे. मी फक्त कपाचं सांगितलं. मग म्हणाला, "तो कप तिला देऊन टाक." आणि लाइन गेली, किंवा त्याने फोन ठेवला.

काल सुई दिली. मोठी असते, जाड औषध, मोठी माणसं ओरडतात. ती ओरडली नाही. पण बट गुंडाळायला डावा हात चालेना, तर तिने माझी एक बट ओढून घेतली आणि आपल्या बोटाला गुंडाळली. माझ्या डोक्याला आजवर घरच्या कुठल्या पोराने हात लावलेला नाही. मी हलले नाही.

ती झोपली की मी तिच्या छातीला कान लावते. मला काही कळत नाही, ते ऐकण्याचं शिक्षण मला नाही. दर ठोक्यामागे एक फुंकर ऐकू येते असं वाटतं आणि पुढच्या ठोक्याची वाट बघते. वहिनी, मी हे कुणाला सांगत नाही. मला फार भीती वाटते.

लेसिएली

०

फातुमोआ
१ ऑगस्ट १९९४

लेसिएली वन्सं,

तुमची भीती पोचली. माझीही तेवढीच आहे. आता दोघींची आहे.

निळा कप चटईच्या तुकड्यात गुंडाळून कप्तानाच्या हातात दिला आहे. खिळ्यावरून काढताना माझा हात धजेना. शेवटी सेमिसीने स्टुलावर चढून काढला. चढण्याआधी पाद्रीबाबांना ओरडून विचारून आला, "कपाला हात लावला तर बाबा मरतात का?" ते म्हणाले, "नाही." म्हणून तो सगळ्या गावाला सांगत फिरला की नाही मरत. तोआकासेच्या दारात दोनदा सांगितलं.

तिला त्यातूनच पाजा, रोज. चहा गोड करा, तिच्या बाबांचा असतो तसा. सेमिसीचा निरोप: सुई टोचताना ओरडायचं असलं तर इकडे तो ओरडेल, फक्त वार कळवा.

पोटातलं खूप लाथा मारतं. मुलगी असो की मुलगा, नाव तुम्हीच ठेवायचं. तुम्ही हक्क सोडलात तो लाविनियापुरता. याच्यावरचा मी सोडू देणार नाही.

पहिल्या दिवशी त्या कपातून प्यायली की तिचा घसा बघा. मला सगळं समजलंय, वन्सं. तरी बघा.

तुमची,
अकानेसी